सव्वादोन तास मागे

प्रिय धाकटे,

पत्र बघून दचकली असशील. चार वर्षांत साधा निरोप धाडला नाही मी, आणि आता एकदम हाताने लिहिलेली ही पानं. फोन दोनदा उचलला होता, पण तुझा आवाज ऐकायची मला सध्या भीती वाटते. का, ते पुढे सांगते. घाईने शेवट आधी वाचू नकोस, ती खोड मला ठाऊक आहे.

घर ठीक आहे. आईची खोली आवरली, खाट तेवढी हलवली नाही. शेजारच्या शिवणाऱ्या काकू रोज डोकावतात, मी जेवले का ते विचारतात आणि उत्तर ऐकायच्या आत स्वतःच्या गुडघ्यांबद्दल सांगू लागतात. गल्लीकडचं मागचं दार फुगलंय, खांद्याने रेटल्याशिवाय बसत नाही. त्या दाराशी उभी राहिले की तू आठवतेस. जन्मात एक दार नीट लावलं नाहीस तू. शाळेतून आलीस की दप्तर एकीकडे, बूट दुसरीकडे, दार सताड उघडं, आणि आतून आईचं ठरलेलं, ‘शेपूट बाहेर राहिलंय का गं?’ मला ती असं कधी म्हणाली नाही. तशी वेळच मी येऊ दिली नाही. मला त्याचा हेवा वाटायचा, हे आज पहिल्यांदा कबूल करते.

दुसरं जे कबूल करायचंय ते जड आहे. आईच्या ऑपरेशननंतर दर तासाला डोळ्यांत थेंब घालायचे होते, पाळी तुझी होती आणि तुला झोप लागली. दोन्ही डोळे गेले. मी तुला दारातच सुनावलं की आई तुझ्यामुळे आंधळी झाली, पुन्हा या घरात पाऊल टाकू नकोस. त्यानंतर महिनाभरात डॉक्टर मला म्हणाले होते की नस आधीच वाळली होती, थेंबांनी काहीही फरक पडला नसता. मी तुला ते कळवलं नाही. आज कळवते, उद्या कळवते करत चार वर्षं गेली. आधी राग होता, नंतर नुसती लाज. आई तुझी चौकशी करायची तेव्हा मी म्हणायचे, कामात असेल.

आता त्या यंत्राबद्दल लिहिते. माझं काम तुला कधी कळलं नाही. ‘ताई पाणी नसलेले नळ जोडते’ असं तू सगळ्यांना सांगायचीस, आणि ते तसं बरोबरच होतं. एकीकडून माहिती तुकड्या-तुकड्यांनी येत राहते, मधे मी गाळणी बसवते, गाळलेलं पुढे जातं. गाळणी हळू चालली तर येणारं साठवायला मधे एक हौद लागतो, त्याला आम्ही बफर म्हणतो. शहाणा माणूस हौदाला मर्यादा ठेवतो. हौद भरला की मागच्याला सांगायचं, थांब जरा. मागचा थांबणारा नसेल तर जुनं सांडून द्यायचं. नवख्या मुलांना मी हे इतक्यांदा शिकवलंय की माझी नक्कल करतात ती.

आई खाटेला खिळली तेव्हा मी तिच्या उशाशी माईक लावला आणि वर माझ्या टेबलावर स्पीकर. मधली गाळणी पंख्याची घरघर, पावलं, भांडी सगळं काढून टाकायची आणि फक्त माणसाचा आवाज आणि श्वास पुढे सोडायची. हौदाला मर्यादा मी मुद्दामच ठेवली नाही. आईचा एकही श्वास सांडायला नको, असा माझा हट्ट. पहिल्या दिवशी तिला ‘झोप आता’ म्हणून वर आले, तर खुर्चीत बसेपर्यंत काही सेकंद मागे चालणारा स्पीकर माझ्याच आवाजात म्हणाला, ‘झोप आता’. अंगावर काटा आला. म्हणून रविवारी संध्याकाळी मी गाळणीला माझा आवाज शिकवला आणि तोही गाळायला सांगितला. दोन मिनिटांच्या नमुन्यावर चालवून पाहिलं, झकास चाललं. मिनिटभराच्या आवाजाला आता एकसष्ट सेकंद लागताहेत, हे माझ्या लक्षातच आलं नाही. एका सेकंदाकडे कोण बघतं?

त्यानंतरचा आठवडा विचित्र गेला. स्पीकरवर खोकला ऐकून धावत खाली जावं, तर आई शांत झोपलेली. ती एकटीच बोलायला लागली होती. ‘हो, घेते’, ‘नको, पुरे झालं’, ‘उशी जरा वर कर’. रिकाम्या खोलीत, कुणीतरी समोर बसलंय अशा थाटात. मधे थांबायची, ऐकायची, मग उत्तर द्यायची. एकदा तर छान हसली. मी जिन्यात उभी राहून ऐकायचे आणि खाली जायचा धीर व्हायचा नाही. म्हटलं, म्हातारपणी डोक्यात असं होतं. ती माझ्याशीच बोलत होती गं. सकाळी मी तिला औषध दिलं होतं, उशी वर केली होती, आणि तिची अर्धी बाजू उशिराने माझ्यापर्यंत पोचत होती. माझी अर्धी बाजू मी स्वतःच गाळून टाकली होती. ती बाजू ऐकू आली असती तर दुसऱ्याच दिवशी चूक कळली असती.

शनिवारी दुपारी आईला भरवून मी वर गेले, दार लोटलं आणि मीटिंगला बसले. एका कानात मीटिंग, दुसऱ्या कानात आईचा श्वास. संथ, एकसारखा. म्हणून अडीच तास खाली फिरकले नाही. पावणेचारला तिने हाक मारली, ‘मोठे’. मग पुन्हा, जरा मोठ्याने. धावत गेले. आई खाटेवर होती आणि तिचा हात गार होता. मागचं दार उघडं होतं, वाऱ्याने उघडलं असेल म्हणून मी ते रेटून लावलं. पलीकडच्या गल्लीतले डॉक्टर पंधरा मिनिटांत आले. म्हणाले, जाऊन दीड-दोन तास झालेत. मी म्हटलं, छे, आत्ताच तर हाक मारली मला. ते माझ्याकडे कीव आल्यासारखं बघत राहिले. तेवढ्यात वरून आईचा आवाज आला, ‘मोठे, आलीस का?’ डॉक्टरांच्या हातातलं पेन तसंच थांबलं. वर कोण आहे, म्हणाले. मी उठून वर निघाले. जिना अर्धा चढले आणि वर उत्तर ऐकू आलं, ‘हो आई, मीच. मोठी. इथेच आहे.’

माझा आवाज होता तो. जिन्यात उभी राहून मी माझाच आवाज ऐकत होते, ज्या खोलीत मी नव्हते तिथून आलेला. मी उलट पावली खाली पळाले आणि आईच्या पायाशी बसून राहिले. डॉक्टर वर जाऊन आले आणि म्हणाले, रिकामी खोली आहे, स्पीकर सुरू राहिलाय, बंद करू का? मी हात जोडून म्हटलं, हात लावू नका.

नंतर काकूंनी कळवल्यावर तू आलीस, सगळ्यांच्या मागे उभी राहिलीस आणि जाताना एवढंच म्हणालीस, ‘शेवटी तिला तूच हवी होतीस.’ मला तो टोमणा वाटला. मीही फटकन म्हणाले, निदान शेवटी तरी यायचं होतंस. तू चपला घालून निघालीस. तुझा चेहरा तेव्हा नीट बघितला असता तर हे पत्र लागलं नसतं.

बारा दिवस मी त्या टेबलाकडे गेले नाही. तेराव्या दिवशी सकाळी बसले आणि हिशेब मांडला. दर मिनिटाला एक सेकंद, जवळजवळ सहा दिवसांचे सव्वादोन तास. पावणेचारची हाक दीडची होती. पाव तास ती मला हाका मारत होती आणि मी तिचा सकाळचा श्वास ऐकत निवांत बसले होते. हे मला जन्मभर पुरेल. पण तो आवाज? साठलेला हौद रिकामा केला, माईक वर आणला आणि म्हटलं, ‘हो आई, मीच.’ स्पीकर गप्प. दहा वेळा म्हटलं, रडत म्हटलं. गाळणीने मला एकदाही जाऊ दिलं नाही. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तो आवाज तुझा होता. फोनवर बाबांनासुद्धा आपण दोघी कधी ओळखता आलो नाही. त्या यंत्राला आलो.

गाळणीतून पुढे गेलेला सगळा आवाज रोज एका फाइलमध्येही साठत होता. मी ती ऐकली. तू तिच्याजवळ वीसेक मिनिटं होतीस. माझं नाव घेऊन तिला पाणी पाजलंस. मी वर आहे हे ठाऊक असूनही आलीस, की दर शनिवारी येत होतीस, ते विचारत नाही. शेवटी म्हणालीस, ‘झोप हं, मी वर जाते’, आणि गेलीस. तुझ्यापुरतं तिथेच संपलं. आपल्या आईने जाताना मोठीचाच हात धरला होता, असं वाटून तू इतके दिवस जळत असशील. पण धाकटे, फाइल तिथे संपत नाही. तू गेल्यावर थोडा वेळ नुसता श्वास आहे. दार लागल्याचा आवाज यायची ती वाट बघत असणार. मग ती हसली. आणि अगदी हळू, स्वतःशीच म्हणाली, ‘शेपूट बाहेरच राहिलं गं तुझं, धाकटे.’ त्यानंतर आठ-नऊ मिनिटं श्वास आहे, शांत. तिला कळलं होतं. तू मोठी झालीस ते तिने तुझ्यासाठी चालवून घेतलं. एवढंच सांगायला मी हे लिहिलं, कारण हे ऐकणारी त्या घरात मी एकटीच होते, आणि तेही सव्वादोन तास उशिरा. शनिवारी ये. मागचं दार उघडं ठेवते.

तुझीच,
ताई