बेंचवाल्यांसाठी उशा

सोमवार, ३ मार्च, सकाळी दहा

आजपासून रोजनिशी. मी बोलते, फोन लिहितो. लिहिलेलं मला वाचता येत नाही, त्यामुळे माझी गुपितं माझ्यापासूनसुद्धा सुरक्षित. पहिला संकल्प, दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसायचं नाही. दुसरा, नातीचे ऑफिसचे फोन ऐकायचे नाहीत. नात म्हणजे आमची चिमणी. वय सदतीस, हाताखाली नऊ माणसं, आणि सकाळी मोज्याचा जोड सापडत नाही.

सोमवार, अकरा

दुसरा संकल्प भिंतीमुळे मोडला. चिमणी आठवड्यातले तीन दिवस पलीकडच्या खोलीतून काम करते आणि मधली भिंत पातळ आहे. माझं स्टूल पहिल्यापासून त्या भिंतीला लागून आहे. त्यावर उशीही पहिल्यापासून आहे. यात माझा काय दोष?

तर तिची कंपनी दातांच्या डॉक्टरांकडे नंबर लावायचं सॉफ्टवेअर करते. बारा वर्षं करतेय. आता कंपनी बदलणार आहे. कशात बदलणार ते अजून ठरायचंय. त्यासाठी नवा साहेब आणलाय. तो म्हणतो, आपण अपॉइंटमेंट विकत नाही, हसू विकतो. म्हणून मीटिंगमध्ये सगळ्यांनी कॅमेरा लावून हसायचं. चिमणी तासभर हसत होती. बाहेर आली ती गाल चोळत. म्हणाली, आजी, लोकांचं मोराल पार खाली गेलंय.

खाली गेलेली वस्तू वर कशी आणतात ते मला माहीत आहे. खाटेचा पाय खचला तेव्हा मी घरातलं सगळ्यात जाड पुस्तक त्याखाली सरकवलं. अजून टिकून आहे. खाली काहीतरी ठेवायचं, झालं. याला साहेब कशाला लागतो?

बुधवार, ५ मार्च

भयंकर ऐकलं. टेस्टरला बेंचवर बसवलंय! टेस्टर म्हणजे दुसऱ्यांच्या कामात चुका काढणारा माणूस. त्याचे त्याला पैसे देतात. माझ्या सासूबाईंनी हेच काम जन्मभर फुकट केलं.

चिमणीला विचारलं, किती वेळ बसवलंय? म्हणाली, तीन आठवडे झाले. तीन आठवडे! माझ्या मुलाला शाळेत एकदा तासभर बेंचवर उभं केलं होतं, तर संध्याकाळपर्यंत त्याचे पाय थरथरत होते. हा तर पन्नाशीचा माणूस, वर पाठदुखीवाला. भिंतीतून त्याचं कण्हणं मी स्वतः ऐकलंय. विचारलं, जेवायला तरी उतरू देतात का गं? म्हणाली, आजी, माझी मीटिंग आहे.

उत्तर टाळलं. म्हणजे देत नसणार.

गुरुवार, ६ मार्च

उशी शिवली. नाव घालता येत नाही, म्हणून साखळी टाक्याने भिंग काढलं. चुका शोधणाऱ्याला दुसरं काय शोभणार? सूनबाईंनी विचारलं, आई, बाहेरच्या खोलीतला पडदा कुठे गेला? मी सांगितलं, ऑफिसला जाणार आहे. त्यांना वाटलं मी विनोद केला. हसल्या. मोराल वाढवायला मला कॅमेरा लागत नाही.

शुक्रवार, ७ मार्च, दुपारी

गुडघ्याच्या डॉक्टरांकडे जाते म्हणून निघाले आणि टॅक्सीने ऑफिस गाठलं. (गुडघा टॅक्सीत दुखला, त्यामुळे खोटं बोलले असं नाही.) आत एकही बेंच दिसला नाही. सगळीकडे फिरत्या खुर्च्या. लाज वाटत असणार, पाहुणे आले की आत ढकलत असतील.

टेस्टरला आवाजावरून ओळखलं. उशी हातात दिली. म्हटलं, बाबा, तुम्ही बेंचवर आहात ना, ही घ्या, आता किती का दिवस लागेनात. त्याने उशी छातीशी धरली. डोळे भरून आले. इतक्या वर्षांत कुणी एवढी विचारपूस केली नसेल बिचाऱ्याची.

सोमवार, १० मार्च

टेस्टर शुक्रवारी संध्याकाळीच राजीनामा देऊन गेला. उशी सोबत नेली. चिमणीला काही उमगेना. आज त्याला नवं काम मिळणारच होतं म्हणे. तिने भांडून मिळवलं होतं. महिनाअखेरपर्यंत नऊपैकी एकालाही जाऊ देणार नाही, असं तिने साहेबाला तोंडावर सांगितलंय. एक जरी गेला तर माझी मान अडकेल, असंही कुणाला तरी फोनवर म्हणाली.

मला वाईट वाटलं. उशी द्यायला उशीर झाला. तीन आठवडे म्हणजे फार झाले. पुढच्यांना वेळेवर दिली पाहिजे.

मंगळवार, ११ मार्च

भिंतीतून तीन जण कळले. रंग ठरवणारी, सर्व्हर सांभाळणारा, आणि फोनवर डॉक्टरांची समजूत काढणारा मुलायम आवाजाचा. साहेब म्हणत होता, या तिघांना बेंचवर टाका. चिमणी म्हणत होती, दोन आठवडे द्या, तोवर त्यांच्या कानावर जाऊ देऊ नका. चिमणी हुशार आहे, पण इथे चुकली. बसायच्या आधी उशी मिळाली तर माणूस आरामात बसेल.

आतल्या खोलीतला पडदाही गेला.

बुधवार, १२ मार्च

आज तिन्ही उशा पोचवल्या. मी दारात पाऊल ठेवताच सगळं ऑफिस उठून उभं राहिलं. असा मान मला घरच्या कार्यातसुद्धा मिळालेला नाही. एक जण टेबलाखाली गेला. लाजाळू असेल. दोघं बाथरूममध्ये शिरले ते मी निघेपर्यंत आले नाहीत. मी गेले तेव्हा चिमणी साहेबाच्या केबिनमध्ये होती, म्हणून तिला त्रास दिला नाही.

रंगवालीच्या उशीवर ब्रश काढलाय. ती म्हणाली, अहो, पण मी परवाच सगळं काम पूर्ण केलं. मी म्हटलं, मग आता विश्रांती घे, बाळ. ती टेबलावर डोकं ठेवून हुंदके द्यायला लागली. किती दिवसांचं साचलं होतं!

गुरुवार, १३ मार्च

चिमणी आज ऑफिसला गेली होती. आली ती चप्पल न काढताच माझ्यासमोर उभी राहिली. तिघांनीही राजीनामे दिले. यादी बाहेर कुणी फोडली ते शोधायला साहेब सगळ्यांच्या कॉम्प्युटरची झडती घेतोय. ऑफिसात नवीन शब्द आलाय म्हणे. कुणाची नोकरी जाणार असली की म्हणतात, त्याची उशी आली.

मग तिने मला बेंच समजावून सांगितला. बेंच लाकडाचा नसतो. बेंच नसतोच. माणसाला काम नसलं की तो बेंचवर आहे म्हणायचं, आणि महिनाभर काम आलं नाही की घरी पाठवायचं. मी विचारलं, मग तसं सरळ का म्हणत नाही? ती म्हणाली, आजी, मी तुला हात जोडते.

माझ्याकडून जराशी चूक झाली, कबूल. चौघांनाच दिली. चौघांना दिली की भेदभाव दिसतो. सगळ्यांना दिली की उशीची भीती जाईल.

रविवार, १६ मार्च

अठरा उशा तयार, साहेबासकट सगळ्या ऑफिसला पुरतील. घरात एकही पडदा उरला नाही. समोरच्या इमारतीतले लोक आता आम्हाला जेवताना हात करतात. सूनबाईंना मी हवेशीर वाटतं म्हणून सांगितलं. त्या ताट घेऊन पॅसेजमध्ये बसल्या. चिमणीला उशी केली नाही. तिला कशाला? तिच्या पाठीशी मी आहे.

सोमवार, १७ मार्च

चिमणी घरी मीटिंगमध्ये हसत होती, तेवढ्यात जाऊन आले. साहेबालाही दिली. त्याच्या उशीवर हसरं तोंड, बत्तीसही दात मोजून काढलेत. त्याने ती उलटसुलट पाहिली आणि घाम पुसला. मी विचारलं, आवडली का? त्याने विचारलं, कुणी पाठवलं तुम्हाला? वरून काही कळलंय का? मी म्हटलं, मला सगळं कळतं.

मंगळवार, १८ मार्च

मोठा विजय! साहेबाने घाबरून वरच्यांना फोन केला, मला काढताय का? त्यांच्या मनात तोवर काही नव्हतं. आता आलं. साहेब गेला.

बाकीच्या सतरा जणांपैकी पंधरा जणही गेले. पण कंपनी बदलायचीच होती. इतकी बदललेली याआधी कुणी पाहिली नसेल. दातांचे डॉक्टर फोन करकरून थकलेत, उचलायला कुणी नाही. संकल्प, उरलेल्या दोघांचं मोराल मी स्वतः बघणार.

बुधवार, १९ मार्च, दुपारी तीन

चिमणी लवकर आली. वरच्यांनी हिशेब केला की दोन माणसांना मॅनेजर लागत नाही. ती बेंचवर आहे. महिनाभर. मग घरी.

रागावली नाही. रागावली असती तर बरं होतं. मोजे काढले, दोन रंगांचे होते. मग विचारलं, आजी, एखादी उशी उरलीय का गं?

कापड नव्हतं. माझ्या स्टुलावरची काढून दिली. तिच्यावर काही चित्र नाही. चिमणी भिंतीला टेकून तिथेच खाली बसली, मी स्टुलावर. स्टूल नुसतं फार कडक आहे, हे मला आज कळलं. मध्ये भिंत नव्हती, तरी काही ऐकू येत नव्हतं.

बुधवार, चार

चिमणीला टेस्टरचा फोन आला, तिने स्पीकर लावला. दुसरीकडे लागलाय. चिमणीसाठी विचारून बघतो म्हणाला, पण फोन त्यासाठी नव्हता. उशीत चार चुका सापडल्यात, महत्त्वाच्या क्रमाने सांगतो म्हणाला. डाव्या बाजूची शिवण उसवलीय. कापूस एका कोपऱ्यात गोळा झालाय. भिंग चमच्यासारखं दिसतं. आणि उशी बसायला उंच, झोपायला ठेंगणी आहे, त्यामुळे ती नेमकी कशासाठी केलीय ते शेवटपर्यंत कळत नाही.

चिमणी हसायला लागली. कॅमेरा नव्हता. हसता हसता तिने फोन माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, सांग ना आजी, कशासाठी केली होतीस?

मी म्हटलं, फोनवर नीट ऐकू येत नाही.