विरजणाला कसली अट

२ ऑगस्ट १९८९, परंडा
आजपासून रोज लिहायचं. प्रौढवर्गात शिकलेली अक्षरं गंजायला नकोत. नात शिवगंगा औरंगाबादेहून कॉम्प्युटर शिकून आली, माझी लई हुशार. दूध संघाचं मशीन डॉसचं, पुण्याहून आलेले प्रोग्रॅम युनिक्सचे. एकमेकांची बोली कळत न्हाय. ती मधला थर लिहिणार. चेअरमन आण्णासाहेब म्हणाले, दिवाळीपर्यंत चाललं तर पोरीला संघात कायम करतो. म्हंजे पोर माझ्यापाशीच. ठरलंच म्हणायचं.

११ ऑगस्ट
रोज लिहिणं जमलं न्हाय. म्हैस आजारी. तशी बरी होती, पण लक्ष ठेवावं लागतं.
थर मला लगेच कळला. माझ्या आईचं माहेर कानडी. सोयरिकीच्या बैठकीत मामा मधी बसून कानडीचं मराठी अन् मराठीचं कानडी करून सांगायचा. शिवगंगा म्हणाली, तसंच आजी, पण युनिक्सचा प्रोग्रॅम चालता चालता दुसऱ्याला जन्म देतो, डॉसला एकच सांभाळता येतो. म्या म्हणलं, एका पाळण्यात दोन लेकरं म्या वाढवली. एकाला निजवायचं, दुसऱ्याला खेळवायचं. तिनं तसंच लिहिलं. डिझाइन माझं हाय.

३० ऑगस्ट
थर चालला. सावकाश. मामाही सावकाशच बोलायचा.

७ सप्टेंबर
पुण्याची एक कंपनी थराची फ्लॉपी मागतीय, वेग वाढवून देते म्हणे. शिवगंगा लायसन्सचा कागद जोडणार: घ्या, बदला, पण बदललेलं उघडं परत द्या. म्या रागावले. विरजणाला कसली अट? माझ्या सासूचं विरजण चाळीस वर्षं अर्धी गल्ली नेती, कुणाला काय मागितलं? ती म्हणाली, आजी, हे लोक डब्याला कुलूप लावतील. म्या म्हणलं, शिकलेली माणसं हायती. तिनं अट खोडली.

१२ ऑक्टोबर
पुण्याची फ्लॉपी आली. थर शिवगंगेचाच, नाव कंपनीचं. पळतो मात्र छान. संघानं तोच घेतला. नावाचं काय घेऊन बसायचं.

२३ ऑक्टोबर
मशीन दुधाला नव्वद फॅट दाखवतंय. आण्णासाहेबांनी इचारलं, म्हशी तूप देतात का. चूक शिवगंगेच्याच एका ओळीत हाय, तिला ठावं हाय, पण कंपनीनं थर कुलूपबंद केलाय. तिचा जुना थर लावला तर संघाच्या नव्या फायली वाचत न्हाय. निघंल काहीतरी.

२७ ऑक्टोबर
दिवाळी दोन दिवसांवर. आण्णासाहेबांनी कंपनीचाच माणूस नेमला. कंपनीनं शिवगंगेला पुण्यात नोकरी दिली. आपलंच लिहिलेलं उघडून बघायला पोर पुण्याला जाणार. महिन्याभरात येईल.

५ नोव्हेंबर
कुर्डुवाडीच्या एस्टीनं गेली. विरजणाची वाटी देत होते. म्हणाली, सांडंल.

१९ डिसेंबर
पत्र आलं. कंपनीनं तिला थर दाखवला म्हणे, बाहेर कुणाला दाखवणार न्हाय अशी सही घेऊन. संक्रांतीला सुट्टी न्हाय.

२० डिसेंबर
आता शहाणी झाले. विरजणाला अट घातली. कागदावर लिहिली: दही चांगलं लागलं तर वाटीभर परत आणून दाखवायचं.
पहिलीच आली शेजारची बनाबाई. कागद वाचून दाखवला. ती वाटी घेऊन उभीच. म्हणाली, बाई, बहात्तरच्या दुष्काळात तुमची म्हैस आटली तवा सासूबाईंचं विरजण गेलं. हे माझ्या घरचं हाय. म्या कागद आणला होता का?
वाटी भरून दिली. वर झाकायला काही न्हवतं. तोच कागद ठेवला.