आल्याच्या वाफ्यावरचा बल्ब

बुधवार, ९ डिसेंबर ८७, हळर्ण

वैनीने पावसाआधी सावंतवाडीच्या माहेरून आल्याचं बी आणून लावलं. म्हणाली, "दिस ल्हान झाले की आला आपसूक झोपता गो." मला तिला खोटं पाडायचं होतं. गणेशचवथीपासून पडवीतला बल्ब तिच्या वाफ्यावर सोडला आणि अभ्यासाचं निमित्त सांगून रोज जेवणं होईपर्यंत पेटता ठेवला. मी आणि अभ्यास! तरी कुणाला शंका नाही. शेजारचं आलं पिवळं पडून वाळलं, वैनीचं हिरवंगार. मी मनात हसत होते.

आज तिने एक गड्डा उकरला. गड्डा कसला, करंगळीएवढा तुकडा. "माझ्या आवशीचा बी गो ता," म्हणाली आणि तो तुकडा पदराने पुसू लागली. मग सांगूनच टाकलं. एका बल्बाने एवढं होईल, हे मला काय ठाऊक?

ओरडली नाही. "तुझ्या डोळ्यार दिवो ठेवलो तर तू झोपशीत काय?" एवढंच. मग बल्ब काढून माझ्या हातात दिला. "आता निजांदे तेका, निजल्यार गड्डो भरता. पाना पिवळी पडली तर थोडा बी गावतला."

तिन्हीसांजेला दादा पायरीवर ठेचकाळला. "बल्ब खंय गेलो?"

"जळलो," वैनी म्हणाली.

बल्ब माझ्या ट्रंकेत आहे, अगदी चांगला. सकाळी उठून आधी पानं बघायची.