पाण्याचा वास घेणारा उमेदवार

बाबा, आज सकाळी पुन्हा नळाला वास आला. तोच, उघड्या गटारापाशी उभं राहिलं की येतो तो. मी भरलेली बादली मोरीत ओतली आणि पाण्याच्या कॅनवाल्याला फोन केला. वरच्या खोलीत लेक झोपली आहे. दिवस भरत आलेत तिचे, बाळंतपणाला माहेरी आली आहे, आणि माहेर म्हणजे मद्रासच्या मैलापूरची ही आपलीच गल्ली. निम्म्या घरांचे फ्लॅट झाले, कोपऱ्यावरच्या किराणावाल्याच्या जागी मोबाइलचं दुकान आलं, पण जमिनीखालची पाइप तुमच्या वेळचीच आहे. त्या पाण्यानं उद्या बाळाला न्हाऊ घालायचं, या विचारानं माझा जीव खालीवर होतो. पण तुम्हाला लिहायला बसले ती त्यासाठी नाही. परवा मतदान झालं, आणि तेव्हापासून मला पुन्हा तुमचाच संशय येतोय.

संशय घ्यायला मला तुम्हीच शिकवलंत. धाकट्याला कावीळ झाली तो उन्हाळा आठवतो ना? पुढच्या खोलीत चटईवर पडलेला, डोळे हळदीसारखे, आणि शेजारच्या मामी रोज सकाळी ताकात कसलासा पाला वाटून आणून देत. डॉक्टर म्हणाले, पाणी. अंगणातल्या हातपंपाला गल्लीतली लाइन जोडलेली होती आणि त्या लाइनीत कुठंतरी गटार मिसळत होतं. त्याच दिवसांत निवडणूक आली. पहिला उमेदवार हात जोडून दारात उभा राहिला तेव्हा आईनं सवयीनं कॉफीसाठी दूध तापायला ठेवलं होतं. तुम्ही मला म्हणालात, "कॉफी नको. फुलपात्र घे आणि पंपाचं पाणी आण." आई स्वयंपाकघरातून धावत आली. "अहो, दारी आलेल्याला असलं पाणी देतात का? पाप लागेल." तुम्ही वळूनही बघितलं नाही. "तो पाहुणा नाही, मागायला आलाय. आपण पितो, तर त्यालाही कळू दे काय पितो ते."

मी फ्रॉकमध्ये, हातात स्टीलचं फुलपात्र, आणि समोर पांढरंशुभ्र वेष्टी-धोतर नेसलेला तो माणूस. मागं ढोल, घोषणा, ऑटोवरचा कर्णा. तुम्ही तुमच्या रेल्वेच्या ऑफिसात शिकलेल्या मोडक्या तमिळमध्ये एवढंच विचारलंत, "तण्णी नारुदु, सार. पाइप एप्पो?" पाण्याला वास येतो, पाइप कधी बदलणार? त्यानं फुलपात्र ओठांपर्यंत नेलं, न पिता माझ्या हातात परत दिलं आणि उद्यापासून पाण्याची लॉरी पाठवतो म्हणाला. त्यानंतर प्रत्येक निवडणुकीत हेच. एकानं उपवास आहे म्हणून सांगितलं. एकानं घटाघटा पिऊन टाकलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि तुम्हाला सगळ्यांत जास्त संशय त्याचाच आला. "जो न बघता पितो, तो सहीही न बघता करतो," म्हणालात. लॉरीचं आश्वासन मात्र सगळ्यांचंच असे, आणि तुम्ही दार लावता लावता म्हणायचात, "लॉरीवर झेंडा लावता येतो. जमिनीखालच्या पाइपला कुठं लावणार?"

एकदा मी शाळेतून येताना प्रचारवाल्यांनी वाटलेला कागदी बिल्ला फ्रॉकला लावून आले. सगळ्या मैत्रिणींनी लावला होता, चिन्ह छान रंगीत होतं. तुम्ही ओरडला नाहीत. तो काढून माझ्या तळहातावर ठेवलात आणि म्हणालात, "बिल्ला लावला की प्रश्न विचारायचा हक्क संपला. मग फक्त टाळ्या वाजवायच्या. पक्ष बघायचा नाही बाळ, माणूस काय करणार आहे ते बघायचं." तो तळहात मला अजून आठवतो. बँकेत लागले, युनियनच्या मीटिंगांना गेले, लग्न झालं, पण बिल्ला कधी लावला नाही. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, हे मी प्रत्येक झेंड्याकडे बघून म्हणत आले, ते तुमच्या जोरावर.

आता त्या वास घेणाऱ्या माणसाकडे येते. तो ज्या पक्षाचा होता, त्याचं नावही आपल्या घरात निघत नसे. मद्रासला नवे आलात तेव्हा त्याच झेंड्याच्या टोळक्यानं तुम्हाला स्टेशनबाहेर अडवून, भाषा येत नाही तर गावाला परत जा म्हणून हिणवलं होतं. ते तुम्ही आयुष्यात एकदाच सांगितलंत, पण विसरला कधीच नाहीत. तर त्या पक्षाचा उमेदवार आला, काळासावळा, घामेजलेला, वहाणा झिजलेल्या. तुम्ही मला नुसतं मानेनं खुणावलंत. मी पाणी दिलं. तो प्यायला नाही. त्यानं फुलपात्र नाकाशी नेलं, वास घेतला आणि विचारलं, "सार, वास सकाळी जास्त येतो की संध्याकाळी?" मग गल्लीच्या टोकाशी मॅनहोलच्या झाकणापर्यंत चालत गेला, तिथं उकिडवा बसला, परत आला आणि म्हणाला, "लॉरीनं काही होणार नाही. रस्ता खणावा लागेल, तुम्हालाच त्रास होईल, वेळ लागेल." तो गेल्यावर आई म्हणाली, "माणूस बरा वाटतो." तुम्ही पेपर उघडलात. "माणूस बरा आहे," म्हणालात, "पण कळप वाईट." तो पडला, पाइप राहिली.

तुम्ही गेल्यावर बऱ्याच वर्षांनी, आई इथंच खिडकीत बसून गवारीच्या शेंगा मोडत होती. मी सहज म्हटलं, बाबांसारखं माणूस पारखून मत देणारे आता राहिले नाहीत. आई हसायला लागली.

"ते? जन्मभर एकाच चिन्हावर शिक्का मारला त्यांनी."

"तुला काय माहीत?"

"दर वेळी बूथला जाताना मला वाटेत बजावायचे ना, अमुकच चिन्हावर मार म्हणून."

"आणि तू मारायचीस?"

"छे! मी त्या वास घेणाऱ्याला दिलं. प्रश्न त्यांनी विचारला, उत्तर मी ऐकलं."

बाबा, मला रागच आला. आईचा नाही, तुमचा. बिल्ला माझ्या हातावर ठेवणारे तुम्ही, आणि तुमच्याच खिशात आतून बिल्ला? मग वाटलं, आईला थट्टा करायची सवय होती. मग वाटलं, तुम्ही तिला एक सांगून स्वतः दुसरंच केलं असेल, पडद्यामागं कोण बघतो? संशयाचं हे असं आहे, एकदा घरात शिरला की प्रत्येक खोलीत जाऊन बसतो. आई गेली, आता विचारायलाही कुणी नाही.

या वेळी पहिला आला तो तुमच्या त्या चिन्हाचा. तरणा, इस्त्रीचा शर्ट, मागं फोन उंच धरलेली पोरं. बायकांनी आरती ओवाळली. मी फुलपात्र भरून तयारच ठेवलं होतं. त्यानं दारावरची मराठी पाटी वाचली आणि हात जोडून म्हणाला, "अक्का, आम्हीही मराठेच. तंजावूरचे. माझी आजी ह्याच बोलीनं बोलायची." जुनी, हेल काढलेली, तमिळच्या चालीवर डुलणारी मराठी. या गल्लीत फोन सोडला तर मराठी माझ्या कानावर पडून किती दिवस झाले होते! मी विरघळले, बाबा. त्याला आत बसवलं, कॉफीचं ताजं डिकॉक्शन काढलं, चकल्या पुढं केल्या. आजीच्या गोष्टी झाल्या, तुमच्या फोटोला त्यानं नमस्कार केला. तो गेल्यावर लेक जिन्यावरून सावकाश उतरली, टेबलावरच्या भरल्या फुलपात्राकडे बघत म्हणाली, "आई, तो पाण्याबद्दल एक शब्द बोलला नाही. तू विचारलंसही नाहीस." दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात, आणि मी फुंकायचं सोडून कॉफी करून वाढली होती. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय?

दुसऱ्या दिवशी त्या दुसऱ्या, तुम्हाला हिणवणाऱ्या झेंड्याची उमेदवार बाई आली. तो झेंडा दारात दिसला आणि माझं अंग आक्रसलं, तुमचं आक्रसायचं तसंच. मी बसा म्हटलं नाही. फुलपात्र पुढं केलं आणि तुमचाच प्रश्न विचारला. तिनं वास घेतला, तोंड वाकडं केलं. "मी हे पिणार नाही अम्मा, तुम्हीही पिऊ नका." माझ्या मागं लेक उभी होती, तिच्या पोटाकडे बघून ती बाई म्हणाली, "हिला तर हात धुवायलाही देऊ नका." मग म्हणाली, पाइप बदलायची तर रस्ता बराच काळ खणलेला राहील, गाड्या आत येणार नाहीत, तुम्ही मला शिव्या द्याल, वर्षभरात होईल असं मी सांगणार नाही, पण आधी हीच गल्ली घ्यायला लावीन. मी तिच्याकडे बघत राहिले. हिला कुणी पढवून पाठवलं? समोरच्या घरी हिनं वेगळंच सांगितलं असेल का? तिच्या पाठीमागच्या लोकांत एखादा त्या स्टेशनबाहेरच्या टोळक्यातल्या कुणाचा नातू असेल का? ती गेल्यावर मी समोरच्या घरी जाऊन विचारून आले. तिथंही तिनं हेच सांगितलं होतं, आणि तिथल्या लोकांना ते मुळीच आवडलं नव्हतं. "निवडून यायच्या आधीच रस्ता खणायला निघाली," असं म्हणत होते.

बूथ त्याच शाळेत आहे. आता शिक्का नाही, बटण आहे. पडद्यामागं गेले तेव्हा तुमचं चिन्ह आणि त्या बाईचं चिन्ह समोरासमोर आलं. एका बाजूला तुम्ही, माझी भाषा, त्या पोराची आजी. दुसऱ्या बाजूला एक परकी बाई, जिच्यावर माझा अजूनही पुरता विश्वास नाही. मला वरच्या खोलीतली लेक आठवली. मी त्या बाईचं बटण दाबलं. काचेमागं चिठ्ठी दिसली, खाली पडली, आणि मी बाहेर आले. घरी आल्यावर तुमच्या फोटोकडे मी बघितलं नाही. लेकीनं विचारलं तेव्हा गुप्त मतदान असतं म्हटलं. ती निवडून आली आणि गल्लीत कुदळ पडली नाही, तर हेच फुलपात्र भरून मी तिच्या दारात उभी राहीन. तुम्ही एवढी वर्षं विचारत राहिलात, पण मतमोजणीनंतर कधी कुणाच्या दारात गेला नाहीत, ते आत्ता लिहिताना लक्षात आलं.

हे पत्र तुमच्या फोटोमागं ठेवणार होते. नको, तिथं तुम्ही वाचाल. शिवणाच्या डब्यात ठेवते. एक मात्र सांगायचं राहिलं. तो वास घेणारा माणूस गेला, तुम्ही पेपर वाचलात, आणि थोड्या वेळानं चप्पल न घालताच गल्लीच्या टोकाशी गेलात. मी खिडकीतून बघत होते. तो जिथं बसला होता तिथंच, त्या झाकणापाशी, तुम्ही एकटे किती तरी वेळ उभे होतात. तेवढ्यावरून मी ठरवून टाकलंय की त्या वेळी तुमचा शिक्का त्यालाच पडला. आई काहीही म्हणो. सगळ्या जगाकडे पुरावा मागत आले, तुमच्याकडे मागत नाही. मागितला तर उलटाच मिळेल, अशी भीती वाटते.