पुढचं सांगणारी पोर

अब्बा, आज खाडीत आमच्या शाळेच्या पोरींची बोट होती आणि तुमची फार आठवण आली. तुम्हाला हसू येईल, पण पोरींना वल्हवायला शिकवायचा पगार मिळतो आता तुमच्या मुलीला. निमुळती, लांब बोट. चौघी वल्ही मारतात, तुमच्यासारख्याच, जायचं तिकडे पाठ करून. पाचवी त्यांच्याकडे तोंड करून बसते. पुढचं फक्त तिलाच दिसतं, म्हणून सुकाणू तिच्या हातात आणि ओरडून सांगायचं कामही तिचंच. लहानपणी मी हेच काम फुकटात करायचे.

पूल नव्हता तेव्हा तुम्ही माणसं पलीकडे सोडायचात. मी तुमच्यासमोर बसून सांगायचे, डावीकडे खुंट, उजवीकडे जाळं. एकदा बगळा बघत गप्प झाले, तर तुम्ही वल्ही वर धरलीत. "बोलत राहा गं बेटी. तुझ्या भरवशावर पाठ करून बसलोय मी." असं रागावणं मला आवडलं होतं.

आमची पाचवी शेलार गावची. अंगानं काडी, पण कापडाच्या लूमच्या, यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेली, त्यामुळे आवाज खणखणीत. रविवारी शर्यत, आणि आज तिची आई ड्युटी सुटल्यावर थेट खाडीवर आली. "मॅडम, चार पोरी वल्ही मारतात, माझीच तेवढी नुसती बसून हाय. न्हाय धाडायची मी तिला. घरात कामं हायत." पोरीचा चेहरा पडला. ती नाही तर बोटच नाही, हे मी परोपरीनं सांगितलं. शेवटी चिडले, दोन पोरींना उतरवलं, आईला लाइफ जॅकेट चढवून एकीच्या जागी बसवलं आणि दुसरीचं वल्हं मी घेतलं.

बोट निघते. आईनं दोन्ही हातांनी कड धरलेली, डोळे लेकीच्या तोंडावर. "पुढं पुलाचा खांब हाय! डावीकडच्या, जोर लावा! आई, तू हलू नको!" आई खरंच हलत नाही.

काठावर आल्यावर बाई बराच वेळ चपला शोधत राहिली. मग लेकीला म्हणाली, "घसा बसंल तुझा. रविवारी गरम पानी देते संगती." मला तिला मिठी मारावीशी वाटली.

हे पत्र कुठे पाठवणार, खणातच ठेवते. एक मात्र पोरींना सांगितलेलं नाही. पुलाच्या खांबाशी मी हळूच मान वळवून बघून घेतलं. तुम्ही कधीच बघितलं नाहीत, अब्बा.