बाबांच्या खोलीतलं यंत्र

मंगळवार, संध्याकाळ

बाबांच्या खोलीतलं हवा शुद्ध करायचं यंत्र आज बंद केलं. मीच आणलेलं. बाबांनी जन्मभर यंत्रमागावर सुताची धूळ छातीत घेतली, दमा जडला, आता तरी चांगल्या हवेत झोपावं, एवढंच मनात होतं. दुकानदार म्हणाला, आयन सोडतं, फिल्टर बदलायची कटकट नाही.

पण त्यांचा खोकला वाढतच गेला. आणि तो वास, झेरॉक्सच्या दुकानात येतो तसा उग्र. मला वाटलं, शुद्ध हवेचा वास असाच असेल. शाळेत विज्ञान शिकवते मी, मला असं कसं वाटलं?

आज बाबांना दाखवायला नेलं तेव्हा डॉक्टरीणबाईंना त्या वासाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आधी ते बंद करा. अशी काही यंत्रं ओझोन सोडतात, दमेकऱ्याला तो बाधतो. धूळही घराबाहेर जात नाही, भिंतीवर, अंथरुणावर बसते." खरंच, यंत्रामागची भिंत काळवंडली होती आणि मी रंगाला दोष देत होते.

परत येताना रिक्षात बाबांना विचारलं, "त्रास होत होता तर बोलला का नाही?"

"तू लई हौसेनं आणलं हुतंस की. तू शाळंत गेलीस की बंद करायचो, यायच्या टायमाला परत लावायचो."

म्हणजे मी घरी आले की त्यांचा त्रास सुरू. हे मनातून जातच नाहीये.

घरी आल्यावर कबूल करून घेतलं, माझं काही चुकत असेल तर तोंडावर सांगायचं. त्यांनी मान डोलावली. जरा वेळानं म्हणाले, "मग त्यो बिनसाखरंचा चहा बी नको."