थॉर्नली रोव्हर्स आणि सख्ख्या भावाचं नाव

७ जानेवारी १९६१, शनिवार. क्युरपिप. रात्री ९.२०

थॉर्नली रोव्हर्स ०, पाहुणे ३. प्रेक्षकसंख्या पेपर आल्यावर भरायची. पेपर इंग्लंडहून आमच्या बेटावर बोटीनं येतो, पाच आठवडे लागतात. फुटबॉलच्या सलग अकरा सामन्यांत विजय नाही. याआधी असं एकदाच, १९२६-२७ मध्ये. इंग्लंडातसुद्धा हे किती जणांना ठाऊक असेल, शंकाच आहे.

यंदाचा संकल्प एकच. चिडायचं नाही. नोंद करायची. नोंदणारा चिडला की आकडे बिघडतात.

चंद्रावती आतून म्हणाली, जेवण गार झालंय. लग्नाला सहा वर्षं झाली, पण शनिवारी रेडिओवर निकाल लागतात आणि निकालानंतर गोलसरासरी काढावी लागते, हे या बाईच्या डोक्यात अजून शिरत नाही.

८ जानेवारी, रविवार

पाऊस. दिवसभर रजिस्टरची फेअर कॉपी. नऊ वर्षांचं काम आहे हे. ५२ साली ऑफिसात शाईच्या बाटल्यांची पेटी आली, त्या बाटल्या थॉर्नलीच्या पेपरात गुंडाळलेल्या होत्या. बाकीच्या क्लार्कांनी शाई घेतली, मी पेपर घेतला. तिथून सुरुवात. गेल्या वर्षी कॅरोल वादळात आमचं छप्पर गेलं तेव्हा रजिस्टर मी छातीशी धरून बसलो होतो. चंद्रावतीनं मुलीला धरलं होतं. कामाची वाटणी झाली, त्यात काय एवढं? ती अजून बोलून दाखवते.

सगळ्या आकड्यांची बेचाळीस पानी प्रत क्लबच्या सेक्रेटरीला पाठवली आहे. उत्तराची वाट बघतो आहे. म्हणजे फारशी नाही.

१५ जानेवारी, रविवार

उत्तरेतल्या आमच्या गावाहून, पितोंहून, हरिलाल सिरदार आला होता. उसाच्या इस्टेटीवर दादाच्या टोळीचा मुकादम तोच, आणि पितोंच्या आमच्या मराठी टीमचा प्रेसिडेंटही तोच. उत्तरेतल्या गावांच्या लीगमध्ये टीमचं नाव घालायचंय, सेक्रेटरी मी व्हावं, म्हणाला. लिहिणंवाचणं तुझं, खेळणं आमचं.

अखेर योग्य कामासाठी योग्य माणूस सापडला. मी थोडे आढेवेढे घेतले (दोन मिनिटं) आणि हो म्हटलं.

दादा गोलकीपर. थोरला भाऊ, छत्तीस वर्षांचा. आठवडाभर ऊस तोडतो आणि रविवारी अनवाणी गोलात उभा राहतो. एकोणीस वर्षं झाली. यंदा शेवटचं, असं तो वहिनीला बोलला आहे. हरिलाल जाताना म्हणाला की एक कप तरी त्या माणसाच्या हातात पडू दे. मी म्हटलं, कागदाची बाजू माझ्यावर सोड.

२१ जानेवारी, शनिवार. रात्री ९.१५

रोव्हर्स १, पाहुणे १. पॉइंट मिळाला! गोलकीपर प्लॅटनं पेनल्टी अडवली असणार, तो अशाच वेळी अडवतो. रॉबर्ट अर्नेस्ट प्लॅट, जन्म ११ मार्च १९२९. अर्नेस्ट हे त्याच्या आजोबांचं नाव. असल्या बारीकसारीक गोष्टी ठेवल्या तरच रेकॉर्ड पुरं होतं.

लीगचा फॉर्म आला आहे. प्रत्येक खेळाडूचं जन्माच्या दाखल्यावरचं नाव आणि जन्मतारीख. मुदत ३१ जानेवारी. हरिलालचा निरोप आला की पुढच्या शनिवारी संध्याकाळी पितोंला ये, सगळे दाखले घेऊन बसतात, तू बघून लिही. वहिनी तुझ्यासाठी पुरणपोळ्या करणार आहे.

शनिवारी! पोर्ट लुईला बस बदलून पितों, तिथून परत क्युरपिप. नऊच्या आत घरी पोचणं अशक्य. आणि रविवारी फेअर कॉपी. कळवलं की मी ऑफिसच्या कामात आहे, नावं चिठ्ठीवर पाठवा.

२९ जानेवारी, रविवार

बसच्या कंडक्टरबरोबर चिठ्ठी आली. दाखल्यांवरून उतरवलेली दहा नावं. दादाचं नाव नाही. हरिलालनं खाली लिहिलंय, तुझ्या भावाचं तुलाच ठाऊक.

अर्थात. सख्ख्या भावाचं नाव काय दाखल्यावर बघायचं? फॉर्म दहा मिनिटांत भरला. क्रमांक १, गोलकीपर, बलराम. जन्मतारीख नक्की आठवेना. १९२४ पक्कं. महिना इथल्या पावसाळ्यातला, म्हणजे जानेवारी ते मार्चमधला, असं आई सांगायची, म्हणून १ फेब्रुवारी लिहिली. अक्षर उत्तम आलं आहे.

चंद्रावती म्हणाली, एकदा भाऊजींना विचारून घ्यायचं होतं. ही मला माझ्या भावाचं नाव शिकवणार!

१८ फेब्रुवारी, शनिवार

रोव्हर्स ०–२. मन सुन्न.

पितोंनी पहिले दोन्ही सामने जिंकल्याचं हरिलालनं कळवलं आहे. दादानं एकही गोल होऊ दिला नाही. छान. गावपातळीवर ठीकच आहे.

१२ मार्च, रविवार

थॉर्नली रोव्हर्सचं पत्र आलं!!! टाइप केलेलं, चार ओळी. आभार. क्लबच्या गोदामात पाणी शिरून जुनी दप्तरं गेल्यामुळे आपले आकडे तपासता येत नाहीत. सोबत क्लबच्या मफलरींचं दरपत्रक. सुरुवातीला ‘डिअर मॅडम’ आहे, पण टायपिस्ट नवीन असणार.

मथितार्थ नीट बघितला पाहिजे. क्लबकडे दप्तर नाही. म्हणजे थॉर्नली रोव्हर्सचं दप्तर आज साऱ्या जगात फक्त क्युरपिपला आहे. डोळ्यांत पाणी आलं. चंद्रावतीला वाचून दाखवलं. तिनं विचारलं, मॅडम कोण?

पितों सेमीफायनलमध्ये. या महिन्यात दादाचंही एक पान करायचं. एकूण सामने, झालेले गोल, अडवलेले गोल. एक रविवार पुरे.

२६ मार्च, रविवार

इंग्लंडनं घड्याळं तासभर पुढे केली. आता निकाल आपल्याकडे आठला. लक्षात ठेवणे.

पितों फायनलमध्ये! फायनल १५ एप्रिल, शनिवार, दुपारी दोनला, गुडलँड्सच्या मैदानावर. दादाला सुट्टी मिळाली आहे. वहिनी पहिल्यांदाच मैदानावर येणार. लग्नाच्या पंधरा वर्षांत ती एकदाही आलेली नाही.

दादाच्या पानावर आज ‘नाव’ हा शब्द लिहून झाला. पुढच्या रविवारी बाकीचं.

४ एप्रिल, मंगळवार

सेक्रेटरीच्या नावे लीगची नोटीस. फायनलला प्रत्येक खेळाडूनं जन्माचा मूळ दाखला आणावा. फॉर्ममध्ये काही दुरुस्ती असल्यास १० तारखेपर्यंत सेक्रेटरीनं स्वतः येऊन करावी. हरिलालला कळवलं, दाखले आणा. दुरुस्तीचा प्रश्नच येत नाही. नोटीस रजिस्टरात खूण म्हणून ठेवली, १९५५-५६ च्या पानात. तिथं एका सामन्याची प्रेक्षकसंख्या मला खटकते आहे.

९ एप्रिल, रविवार

चंद्रावतीनं पुन्हा विचारलं, भाऊजींचा दाखला बघितलात का? वैताग. म्हटलं, बघतो. ती प्रेक्षकसंख्या २,३१४ नसून २,३४१ होती. सहा तास गेले, पण सापडली.

१५ एप्रिल, शनिवार. रात्री

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो. नोंद ही नोंद.

मैदान भरलं होतं. दादानं पांढरा शर्ट घातला होता, वहिनीनं धुऊन इस्त्री केलेला. पायांत बूट! टीमनं वर्गणी काढून दिले होते. दादा बुटांत नव्या नवऱ्यासारखा अवघडून उभा होता. मला बघून हसला. माझा भाऊ सेक्रेटरी आहे, असं त्यानं गुडलँड्सच्या दोघातिघांना सांगितलं. मीही हात वर केला.

मग लीगचा साहेब टेबलाशी दाखले तपासायला बसला. क्रमांक १, बलराम. दादानं बिस्किटाच्या डब्यातून आपला दाखला काढून दिला. साहेबानं तो वाचला, फॉर्म वाचला, परत दाखला वाचला. दाखल्यावर नाव तुलसीराम. जन्म ९ मार्च.

तुलसीराम आमच्या आज्याचं नाव. कोकणातून जहाजानं आलेला आजा दादाच्या जन्माआधी महिनाभर गेला, म्हणून बाबांनी आज्याचं नाव दाखल्यावर घातलं. आणि आई सासऱ्याचं नाव तोंडानं कशी घेणार? म्हणून तिनं पोराला बलराम म्हटलं. मग घरानं म्हटलं, गावानं म्हटलं. हे सगळं मला आज टेबलाशी उभं राहून कळलं. हरिलाल म्हणाला, अरे, इस्टेटीवर पंधरा दिवसांनी मजुरीचा पुकारा होतो तो तुलसीराम म्हणूनच की! मी त्या पुकाऱ्याला कधी गेलो होतो?

साहेब म्हणाला, बलराम नावाच्या खेळाडूचा दाखला नाही आणि तुलसीराम नावाच्या खेळाडूचा फॉर्म नाही. समोरच्या टीमनं लगेच हरकत घेतली. हरिलालनं क्रिओलमध्ये, इथल्या बोलीत, हातापाया पडून बघितलं. सगळा मुलूख याला ओळखतो, म्हणाला. साहेबानं विचारलं, माणूस एकच कशावरून? घरचं कुणी आहे का? मी आहे म्हटलं. तो म्हणाला, फॉर्म तुम्हीच लिहिला ना?

तेव्हा वहिनी पुढे आली. चंद्रकलावहिनी. लग्नाला पंधरा वर्षं झाली, तिच्या तोंडून नवऱ्याचं नाव कुणी ऐकलेलं नाही. ‘अगा’ म्हणून हाक मारते. तिनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि एवढ्या गर्दीसमोर म्हणाली, तुलसीराम. हे माझे मालक, यांचं नाव तुलसीराम. नवऱ्याचं आणि आजेसासऱ्याचं, दोन्ही नावं एकाच दमात. मग बाजूला जाऊन तोंड झाकून उभी राहिली.

साहेबाला वाईट वाटलं, दिसत होतं. पण दुरुस्तीची मुदत १० तारखेला संपली, म्हणाला. सेक्रेटरीला नोटीस गेली होती.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी बुटांकडे बघत होतो. माझ्या नाही, दादाच्या.

दादा म्हणाला, साहेब, चूक माझी. मीच भावाला तसं सांगितलं.

त्यानं मला काहीच सांगितलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

त्यानं बूट काढले, सत्यदेवला दिले. सत्यदेव फॉरवर्डला खेळतो, तो गोलात उभा राहिला. दादा रेषेबाहेर दगडावर बसून त्याला सांगत होता, डावीकडे सरक, डावीकडे. पितों १, समोरचे ४.

शिट्टी झाल्यावर सगळे सत्यदेवभोवती गोळा झाले. मला गुडलँड्सहून पोर्ट लुईची सव्वाचारची बस होती. ती चुकली असती तर पुढचं सगळं चुकलं असतं. निरोप घ्यायला वेळ नव्हता. म्हणजे होता. पाच मिनिटं होता.

घरी पोचलो तेव्हा आठला वीस मिनिटं होती. चंद्रावतीनं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, हरले. पुढचं तिनं विचारलं नाही. रेडिओ लावला नाही तर तिला संशय येईल, म्हणून लावला.

१६ एप्रिल, रविवार

सकाळी संकल्प केला. रजिस्टर बंद. कायमचं. कपाटात वर ठेवलं. दहा वाजता खाली काढलं, नोटीस फाडायची होती म्हणून. फाडली नाही.

दुपारी दारात दादा. पावसात भिजलेला, हातात वांग्यांची पिशवी. पितोंहून दोन बसेस बदलून आला होता. एवढ्या वर्षांत मी जितक्यांदा पितोंला गेलो, त्याच्या दुप्पट तो इथं आला असेल. हा आकडा माझ्याकडे नाही.

काल तू न सांगता गेलास, म्हणाला. तुझ्या वहिनीनं सांगितलं, जाऊन बघून या, भाऊजींनी मनाला लावून घेतलं असेल. टीमला मी समजावलंय, तुला कोणी काही बोलणार नाही. क्रिओलमध्ये नारियें, म्हणाला, काही नाही रे, एक कप तो काय! वहिनीचं काय, असं मी विचारलं. तो हसला. म्हणाला, काल रात्रभर लाजत होती, आणि आज सकाळी चुलीशी बसून एकटीच नाव म्हणून बघत होती.

मला माफी मागायची होती. वाक्य तयार होतं. ते बाजूला राहिलं आणि मी विचारलं, दादा, एकोणीस वर्षांत एकूण सामने किती खेळलास? तो म्हणाला, कोण मोजतो? चंद्रावती चहा ठेवून आत गेली. तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

चहा पिऊन झाल्यावर दादानं विचारलं, तुझा तो इंग्लंडचा क्लब? काल जिंकला का?

मी म्हटलं, कालच्या गडबडीत ऐकलंच नाही, दादा.

त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाला, माझ्यापायी तुझं तेही राहिलं.

रोव्हर्स ३, पाहुणे १. चोवीस सामन्यांनंतरचा पहिला विजय. रात्री आठ वाजून सहा मिनिटांनी ऐकला. आनंद झाला होता. खुर्चीतून उठलो होतो. नोंद केली आहे.